वारं गाळून घेताना

घोटीच्या अलीकडे एका चहाच्या टपरीसमोर गाडी लावली आणि हेल्मेटचा पट्टा काही सुटेना. हातमोजे काढले, बोटं हनुवटीखाली नेली, पण क्लिप कुठे आहे हे बोटांना कळतच नव्हतं. चहा करणाऱ्या मावशींनी शेवटी पातेलं खाली उतरवून ठेवलं, माझा पट्टा सोडला आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन चोळत बसल्या. मी हात चुलीकडे न्यायला लागले तर म्हणाल्या, "लगेच जाळापाशी नको नेऊ. भाजलं तरी कळायचं नाही तुला."

ही दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली गोष्ट. शनिवार, सकाळचे पावणेसात. गाडीच्या मीटरवर ११ अंश दिसत होते. ११ अंशांत हाताचं असं लाकूड होतं हे मला पटतच नव्हतं. त्याहून जास्त घाबरवलं होतं दहा मिनिटांपूर्वीच्या प्रसंगाने. इगतपुरी सोडल्यावर पुढे एक ट्रॅक्टर चालला होता. ट्रॉलीत कांद्याच्या गोण्या, मागे एकही दिवा नाही. तरी तो मला पुरेसा आधी दिसला होता आणि ब्रेक दाबायला हवा हेही लगेच डोक्यात आलं होतं. पण बोटं लिव्हरवर नीट बसली आहेत की नाहीत, किती जोर लागतोय, काही उमगत नव्हतं. डोळ्यांनी वेळेवर पाहिलं, हातांनी उशीर केला. गाडी ट्रॉलीच्या मागे हातभर अंतरावर थांबली.

माझं सासर आणि नोकरी मुलुंडला. माहेर निफाड तालुक्यात, चांदोरीच्या पुढे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून महिन्यातले दोन शनिवार मी पहाटे साडेचारला निघते. ठाणे, भिवंडी बायपास, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, घोटी, नाशिक, आणि मग संभाजीनगरच्या रस्त्याने निफाडकडे. रविवारी दुपारी परत. "तपोवन एक्सप्रेस आहे की," असं घरचे म्हणतात, आणि ते चूक नाही. पण आठवडाभर लोकलमध्ये उभी राहून आल्यावर ते चार तास मला माझे स्वतःचे हवे असतात. गाडी ४०० सीसीच्या वर्गातली टूरिंग आहे, माझी उंची पाच फूट तीन इंच. उंची सांगायला हवी, कारण पुढचा निम्मा घोळ उंचीचाच आहे.

मुंबईकराला निफाडची थंडी सांगून समजत नाही. आपल्याकडे जानेवारीत पारा १५-१६ वर आला की सकाळच्या गप्पांना विषय मिळतो. निफाडला तो एक आकडी होतो, आणि तसा झाला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद वर्तमानपत्रांत छापून येते. थंडीने द्राक्षमणी तडकतात, म्हणून अण्णा, माझे वडील, अशा पहाटे बागेत शेकोट्या पेटवत फिरतात. त्यामुळे घरी पोहोचेपर्यंत मी गारठलेली आणि अण्णा धुराने डोळे लाल झालेले, अशीच आमची भेट व्हायची.

त्या दिवशी घरी गेल्यावर पहिल्यांदा नीट वाचून काढलं. थंडीत वारा अंगावर आला की उघड्या कातडीला हवा प्रत्यक्षात आहे त्याहून थंड वाटते. किती थंड, हे काढायचं सूत्र अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान खात्यांनी २००१ मध्ये ठरवलं. त्यात १० अंश तापमान आणि ताशी ८० किलोमीटरचा वारा घातला की उत्तर साधारण ४ अंश येतं. मोटरसायकलवर हा वारा आपण स्वतःच तयार करतो. शिवाय वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६० वरून ९० ला गेलं की रेटा सव्वादोन पट. शरीर थंड पडायला लागलं की आतले अवयव गरम ठेवण्यासाठी हातापायांकडचं रक्त आधी आखडतं घेतं. हात नुसते हातमोज्यांनी उबदार राहत नाहीत. छाती गार पडली की हातही गार पडणार.

कपड्यांचे प्रयोग आधीच करून झाले होते, ते थोडक्यात सांगते. जाड हातमोजे घेतले तर क्लच कुठे सुटतो ते कळेना. आत थर्मल घातले, त्याने बरंच काम झालं. अण्णांच्या सांगण्यावरून जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवली, तीही चालली आणि आजही ठेवते. पण कपडे वाढवत गेलं की अंग बाहुल्यासारखं ताठ होतं, वळून मागे पाहता येत नाही. घाटात ते मला नको होतं. म्हणून ठरवलं की यापुढे अंगावर काही चढवायचं नाही, गाडीवर चढवायचं.

सुरुवात हातांपासून केली. गाडीला हँडगार्ड होते, पण ते फांदी-दगड लागू नयेत म्हणून केलेले, अरुंद. वारा त्यांच्या वरच्या कडेवरून थेट बोटांच्या पेरांवर यायचा. त्यांना वरच्या बाजूने पानासारखी पट्टी जोडायची असं ठरवलं. आधी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, चिकटपट्टीने लावून, आकार बघितला. हा पुठ्ठ्याचा साचा करण्यात मी दोन रविवार घालवले आणि ते दोन रविवार सार्थकी लागले, कारण नंतरच्या सगळ्या चुका मालाच्या झाल्या, मापाची एकही झाली नाही.

दुकानांच्या पाट्या करणाऱ्या एका कारागिराकडून ३ मिलिमीटरच्या अॅक्रिलिकच्या पट्ट्या कापून घेतल्या. दिसायला अगदी काचेसारख्या. आठवड्याच्या आत सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारची स्कूटर कलंडली आणि डाव्या पट्टीचे तुकडे झाले, टोकदार, सुरीसारखे. खाली बसून ते गोळा करताना वाटलं, मी पडले असते तर हेच तुकडे माझ्या मनगटात गेले असते. अॅक्रिलिक मी तिथेच सोडलं. दुसरी जोडी पॉलिकार्बोनेटची केली. ते वाकतं, ओरखडतं, पण सहजी फुटत नाही.

फुटत नाही हे खरं, तरी मी ते फोडलं. धक्क्यांनी नट ढिले होऊ नयेत म्हणून बोल्टच्या आट्यांना नट पकडून ठेवणारा तो निळा द्रव लावला, इंजिनाच्या बोल्टला लावतात तो. चार दिवसांनी भोकांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसायला लागल्या आणि पुढच्या फेरीत शहापूरच्या आधीच एक भोक कडेपर्यंत चिरलं. हा द्रव पॉलिकार्बोनेटला खातो. पेट्रोलचा हात, अमोनिया असलेलं काच पुसायचं पाणी, यांचंही त्याच्याशी जमत नाही. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते आहे.

मग मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठली. नटबोल्ट, वॉशर, रबर, बुश यांसाठी मुंबईत तिथे जाऊन मी आजवर रिकाम्या हाताने आलेली नाही. ज्याच्या आतच नायलॉनची कडी असते ते नट घेतले, म्हणजे द्रवाची गरज उरत नाही. दोन्ही बाजूंनी रबरी वॉशर. दुकानातल्या काकांनी माझी चिरलेली पट्टी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "भोक बोल्टच्या मापाचं पाडलंय तुम्ही. प्लास्टिक उन्हात वाढतं, थंडीत आक्रसतं. त्याला हलायला जागा ठेवा." बोल्टपेक्षा दीड मिलिमीटर मोठी भोकं पाडली आणि नट आवळून न टाकता रबर जरा दबेल एवढेच कसले. ती जोडी अजून गाडीवर आहे.

बसवल्यावर लगेच रस्त्यावर जाऊ नये, हे मात्र मला माहीत होतं. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. उजवीकडे पूर्ण वळवल्यावर उजव्या पट्टीची आतली कड टाकीला घासत होती आणि डावीकडे वळवल्यावर डावी पट्टी क्लचच्या केबलला ढकलत होती. सरळ रस्त्यावर हे कधीच लक्षात आलं नसतं. कसाऱ्याच्या वळणावर किंवा आमच्या पार्किंगमधून गाडी बाहेर काढताना आलं असतं. दोन्ही कडा कानशीने घासून गोल केल्या, लिव्हर पूर्ण दाबून आणि पूर्ण सोडून पाहिलं, हॉर्न आणि इंडिकेटरचं बटण जाड हातमोज्यातून दाबून पाहिलं. एवढं झाल्यावरच गाडी गेटबाहेर काढली.

हातांना फरक पहिल्याच फेरीत पडला. घोटीला पट्टा माझ्या मी सोडला. मावशींनी पट्ट्यांकडे पाहून विचारलं, "हे सुपाचे कान कशाला लावलेत?" तेव्हापासून आमच्या घरी त्यांना कानच म्हणतात.

हातांनंतर छाती आणि डोकं. गाडीची मूळ काच बुटकी. तिच्यावरून येणारा वारा माझ्या गळ्याखाली लागायचा. मी सरळ विचार केला, की काच उंच केली की वारा डोक्यावरून जाईल. उंच काच मागवली, अर्ध्या तासात बसवली आणि पडघ्यापर्यंत जाऊन आले. छातीला वारा अजिबात नाही, हे खरं. पण सत्तरच्या पुढे हेल्मेट असं थरथरायला लागलं की समोरच्या ट्रकची नंबरप्लेट वाचता येईना. कानांत घुमणारा आवाज पूर्वीपेक्षा दुप्पट वाटला. सगळ्यात नवल वाटलं ते पाठीचं. कोणीतरी मागून हलकेच पुढे ढकलतंय असं वाटत होतं, आणि जॅकेटच्या कॉलरमधून गार हवा आत जात होती. पाठीमागून. मी पुढे चालले आहे, वारा समोरून आहे, मग मागून कोण ढकलतंय?

मोठ्या कंपन्यांकडे हे शोधायला वायुबोगदे असतात. बीएमडब्ल्यूने १९७६ मध्ये आर १०० आरएस आणली तेव्हा तिचं पूर्ण कवच इटलीतल्या पिनिनफारिनाच्या वायुबोगद्यात तासून घेतलं होतं. माझ्याकडे आईच्या विणकामातली उरलेली लाल लोकर होती. तिचे बोटभर लांबीचे तुकडे करून काचेच्या बाहेरून, आतून, टाकीवर आणि माझ्या जॅकेटच्या खांद्यांवर कागदी चिकटपट्टीने लावले. रविवारी सकाळी सहाला, ईस्टर्न एक्सप्रेस हायवे मोकळा असताना, ऑफिसमधल्या एका मैत्रिणीचा नवरा त्यांची कार माझ्या बाजूच्या लेनमध्ये चालवत राहिला आणि ती मागच्या खिडकीतून मोबाईलवर चित्रण करत राहिली. मुलुंड ते विक्रोळी, वेग मर्यादेतच.

घरी येऊन ते चित्रण मी सावकाश करून कितीदा पाहिलं असेल. काचेच्या बाहेरचे धागे ताठ मागे गेलेले, जसे जायला हवेत. वरच्या कडेचे धागे वेड्यासारखे फडफडत होते. आणि आतल्या बाजूचे, टाकीवरचे धागे? ते पुढे वळले होते. काचेकडे. म्हणजे माझ्या आणि काचेच्या मधल्या जागेत हवा उलटी, मागून पुढे वाहत होती. पाठीतला तो धक्का हाच. काय घडतंय ते दिसलं, पण का घडतंय आणि त्यावर करायचं काय, हे त्या चित्रणाने सांगितलं नाही. ते अण्णांनी सांगितलं.

पुढच्या शनिवारी मोबाईल अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा चढवला, पुन्हा एकदा लावायला सांगितलं आणि म्हणाले, "अगं, हे तर आपल्या पत्र्यासारखं झालं." मी चौथीत असताना बागेच्या उत्तरेच्या अंगाला अण्णांनी वारा अडवायला पत्रे उभे केले होते. दोन हंगामांत ते काढून टाकले, एवढंच मला आठवत होतं. का काढले ते मी कधी विचारलंच नव्हतं. अण्णा मला बांधावर घेऊन गेले. आता तिथे शेवरीची रांग आहे आणि तिच्या आत हिरवी जाळी ताणलेली आहे.

"भिताड उभं केलं ना पोरी, की वारं वरून उडी मारतं आणि पलीकडं आपटतं. पत्र्यामागच्या पहिल्या दोन ओळी सोडून तिसऱ्या-चौथ्या ओळीतली पानं फाटायची. वारं अडवून भागत नाही. ते गाळून घ्यावं लागतं. थोडं आरपार जाऊ द्यायचं, मग वरचं गपगुमान वरून जातं."

मी तिथे बांधावर उभी राहून जाळीला हात लावला. पन्नास टक्क्यांची जाळी, निम्मी भोकंच. उत्तरेकडून चांगला वारा होता, आणि आतल्या बाजूला द्राक्षाची पानं नुसती हलत होती. एवढी वर्षं ही जाळी मी पाहत होते. भरीव आडोशाच्या मागे हवेचा दाब कमी होतो, म्हणून वरून गेलेला वारा त्या पोकळीत खाली ओढला जातो आणि गिरक्या घेतो. आडोशातून थोडी हवा सोडली की पोकळी भरून निघते आणि ओढ कमी होते. झाडांच्या वारारोधक पट्ट्यांबद्दल शेतीच्या पुस्तकांत हेच लिहिलेलं असतं, की सछिद्र कुंपण भरीव भिंतीपेक्षा जास्त अंतरापर्यंत वारा शांत ठेवतं. माझी उंच काच म्हणजे अण्णांचे पत्रे होते, आणि मी तिसऱ्या-चौथ्या ओळीत बसले होते.

मुंबईत परत आल्यावर उंच काच उतरवली. मूळ बुटकी काच पुन्हा बसवली, पण ती आणि ती ज्यावर बसते तो कंस यांच्यामध्ये १२ मिलिमीटरचे नायलॉनचे बुश, म्हणजे पोकळ नळकांडी, घातले, बोल्ट तेवढे लांब घेतले. आता काचेच्या खालून आणि बाजूंनी हवा आत येऊ शकत होती. वरच्या कडेला चिमट्याने बसणारी एक आडवी, अरुंद पट्टी लावली. हिलाच बाजारात विंड डिफ्लेक्टर म्हणून विकतात. तिला मागेपुढे कलतं करता येतं, वरखाली सरकवता येतं. विकणाऱ्याने ती काचेला अगदी चिकटवून दाखवली होती. मी दोन बोटं फट ठेवून लावली.

मग खरी मेहनत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, लोकर लावून विक्रोळीपर्यंत जायचं, वहीत लिहायचं. आधी फट, मग कल, मग उंची. सहा रविवार गेले. फट दोन बोटांवरून तीन बोटं केली तर छातीला वारा लागायला लागला. एक बोट केली तर हेल्मेटची थरथर परत आली. कल जास्त उभा केला की आवाज वाढायचा, जास्त मागे झुकवला की वारा बरोबर कपाळावर यायचा. एक सोपी युक्ती फार कामाला आली. मोकळ्या, सरळ रस्त्यावर सीटवरून चार बोटं वर उठायचं, आणि पुन्हा बसून चार बोटं खाली वाकायचं. उठल्यावर डोकं शांत झालं तर काच किंवा पट्टी खाली घ्यायला हवी, वाकल्यावर शांत झालं तर वर. उंच माणसाचं उत्तर माझ्या उपयोगाचं नाही आणि माझं त्याच्या नाही, हे तिथे कळलं. माझ्या गाडीच्याच मॉडेलवर फिरणारा सहा फुटी सहकारी त्याच उंच काचेवर अगदी खूश आहे.

उंचीबद्दल माझं मत ठाम आहे. पट्टीची वरची कड नजरेच्या खाली, साधारण नाकाच्या शेंड्याच्या रेषेत हवी. रस्ता तिच्यावरून दिसला पाहिजे, तिच्यातून नाही. इगतपुरीच्या धुक्यात काचेवर दव जमतं आणि ते पुसायला वायपर नसतो. नाशिकहून निफाडकडे जाताना तोंड पूर्वेला असतं, सूर्य नुकताच वर आलेला असतो. पॉलिकार्बोनेटवर जे बारीक ओरखडे सावलीत दिसतही नाहीत ते त्या उन्हात सगळे पेटतात आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. मी एकदाच, उंच काचेवर, तो पडदा पाहिला आहे. पुन्हा पाहायचा नाही.

पायांच्या बाबतीत मी हरले. गुडघ्यांना आणि नडग्यांना वारा लागू नये म्हणून लेग गार्डला दोन पत्रे बसवले. मोकळ्या रस्त्यावर सुख होतं. इंजिनाची ऊब आतच राहायची, पाय शेकत शेकत कसारा चढायचे. पण परतीला दुपारी भिवंडी बायपासच्या कोंडीत अडकले आणि रेडिएटरचा पंखा जो सुरू झाला तो थांबेचना. तापमानाच्या रेघा कधी पाहिल्या नव्हत्या एवढ्या वर गेल्या. रेडिएटरकडे जाणारी हवाच मी अडवली होती. गाडी बाजूला घेतली, तिथेच पान्याने पत्रे काढले आणि ते पाठीला बांधून घरी आले. इंजिनाच्या हवेशी खेळायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं. आता गुडघ्यांना आतून लोकरी पट्टे आहेत, एवढंच.

आडव्या वाऱ्याचाही विचार करावा लागला. वाऱ्यासमोर आपण जेवढं पत्रा-प्लास्टिक उभं करतो तेवढा बाजूचा धक्काही जास्त बसतो. ऐरोलीच्या पुलावर खाडीवरून येणारा वारा, समोरून सुसाट जाणारा कंटेनर, अशा ठिकाणी मी मुद्दाम जाऊन पाहिलं. माझी काच गाडीच्या सांगाड्याला बसवलेली आहे, त्यामुळे झोत आला तरी हँडल स्थिर राहतं. मोठी काच थेट हँडलला क्लॅम्पने बसवली की वाऱ्याचा प्रत्येक झोत स्टिअरिंगमध्ये उतरतो. एका मित्राचं हँडल तशा काचेमुळे नव्वदला डावी-उजवीकडे डोलायला लागलं होतं. त्याने ती त्याच दिवशी काढली. माझे कान हँडललाच आहेत, म्हणून ते तळहाताहून मोठे करायचे नाहीत असं मी स्वतःला बजावलं आहे. हेडलाइट, इंडिकेटर, नंबरप्लेट यांच्या आड काहीही येऊ दिलेलं नाही. कुठे वेल्डिंग नाही, गाडीला एकही नवं भोक नाही. सगळं वीस मिनिटांत एलन की आणि एका पान्याने निघतं.

निघावंच लागतं, कारण शेवटी गाडी मुंबईत राहते. फेब्रुवारी सरता सरता कुर्ल्याच्या सिग्नलला उभं राहिलं की अंगावर वारा हवासा वाटतो, आणि मीच तो अडवून बसलेली असते. गेल्या वर्षी आळस केला, मार्चभर कान आणि पट्टी तशीच ठेवली, रोज ऑफिसला पोहोचेपर्यंत शर्ट भिजलेला असायचा. यंदा होळीच्या आदल्या दिवशी काढले. नुसतं पाणी आणि अंगाचा साबण, हाताने हलकं चोळून धुतले, कोरडे केले, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून कपाटाच्या वर ठेवले. कोरड्या फडक्याने पुसायचे नाहीत. धूळच ओरखडे काढते.

मागच्या जानेवारीतली एक फेरी वहीत आहे ती तशीच देते. मुलुंड ४.३५, मीटरवर १८ अंश. शहापूर १५. कसाऱ्याच्या पायथ्याशी चहा. घाट चढून इगतपुरी १२. घोटी १०, वेग ७० ते ७५, बोटं ठीक, पट्टा पहिल्या झटक्यात सुटला. नाशिक ११. चांदोरीजवळ, गोदावरीच्या अंगाला, एकदम ८, आणि तिथला गारठा हेल्मेटच्या आतही कळला. घाटमाथ्यापेक्षा नदीकाठ गार, हे दर वेळी दिसतं. रात्री जड, थंड हवा उतारावरून सखल भागात येऊन साचते. घरी ८.५०. पेट्रोल पूर्वीपेक्षा थोडं जास्त जातं. लिटरला ३४ चे ३२ झाले आहेत, आणि मला ते मान्य आहे. थरथर नाही. आवाज आहे, पण इअरप्लग घातल्यावर सोसण्याइतका. पाठीतला धक्का नाही.

त्या दिवशी पोहोचले तेव्हा अण्णा बागेतच होते, शेवटची शेकोटी विझत आली होती. मी हेल्मेट काढलं, हातमोजे काढले आणि त्यांचा हात हातात घेतला. त्यांचाच हात गार होता. "तुझे हात कसे काय ऊन?" म्हणाले आणि गाडीभोवती एक चक्कर मारून आले. पट्टीखालच्या फटीत त्यांनी दोन बोटं घालून पाहिली आणि मान हलवली.

मग डाव्या कानाकडे बोट दाखवून विचारलं, इथून मनगटाच्या आत वारं शिरत नाही का? शिरतं. उजव्या हाताला थ्रॉटलमुळे मनगट खाली वळलेलं असतं, डावं सरळ असतं, आणि बाहीच्या तोंडातून हवा कोपरापर्यंत जाते. हे माझ्या वहीत होतं, त्यांना मी सांगितलेलं नव्हतं. डावा कान खालच्या बाजूने बोटभर वाढवायचा म्हणून पुठ्ठ्याचा साचा कापून ठेवला आहे. हँडल पूर्ण वळवून पाहिलं, क्लचच्या केबलपासून अर्धा इंच जागा राहते. पॉलिकार्बोनेटचा तुकडा आणलाय, भोकं अजून पाडायची आहेत.